हैबतरावाची गाडी आणि चंद्राचा कान

"मिस्त्री कुटं हाय?" गिरणीच्या दारात उभ्या तरुणानं विचारलं.

इंजिनापाशी पाठमोरी बसलेली मुलगी उठली, तेलाचे हात फडक्याला पुसले आणि म्हणाली, "मीच हाय. बोला."

त्या काळ्याभोर डोळ्यांनी सरळ पाहिलं आणि तो उगाच डोक्यावरची ओली टोपी काढून पिळू लागला. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. त्याच्या कानाच्या पाळीवरून पाण्याचा थेंब ओघळला. तो चंद्राला उगाचच दिसला, आणि आवडला.

त्रेसष्ट सालची ही गोष्ट. पौडला भिवाजीअण्णांची पिठाची गिरणी होती. अण्णांची कंबर धरल्यापासून तिचं ऑइल इंजिन त्यांची लेक चंद्रा चालवायची. नुसत्या टुकटुकीवरून ती सांगायची की इंजिन आज खूश आहे की रुसलंय. आणि दारात उभा होता तो हैबतराव, गावाच्या टोकाला राहणारा. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्याच्या वडिलांनी दोनच माणसांची, उघडी, लांब नाकाची शर्यतीची मोटार घेतली होती. वडील गेले आणि गाडी त्याच्या जिवाचा तुकडा झाली. पुण्याच्या मिस्त्र्यालाही तो तिला हात लावू देत नसे.

आज मात्र पंचाईत झाली होती. गाडी असायची गोठ्यात. तिच्या नाकाचं, म्हणजे इंजिनावरचं झाकण बांधायचा चामडी पट्टा वासरानं चघळून गिळला होता.

"सगळा?" चंद्रानं विचारलं.

"बक्कल तेवढं सोडलंया."

चंद्रा हसली नाही. फक्त ओठ मिटून घेतले. त्यानं हैबतराव जास्तच लाजला. गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून तिनं दाभणानं असा शिवून दिला, की साहेबानंही टोपी काढली असती.

मग काय, हैबतराव दर दोन दिवसांनी दळण घेऊन येऊ लागला. दळण असायचं पायलीभर आणि गप्पा तासभर. चिंच-राखेनं त्यानं दिवे इतके घासले की वरचा पांढरा मुलामा जाऊन आतलं पितळ हसू लागलं. बैठकीवर कोंबडी खुडूक बसली, तेव्हा एकवीस दिवस गाडी बाहेर निघाली नाही. "मदत नको," तो दर वेळी बजावायचा, "सहज इचारतोय." आणि चंद्रा दळता दळता सहज सांगायची. एकदा त्यानं गाडीचा ठिणगी पाडणारा प्लग दाखवायला आणला, तेव्हा घेताना दोघांची बोटं लागली. दोघंही बराच वेळ त्या प्लगकडेच पाहत राहिली.

चंद्राला तो आवडत होता, यात काही लपवण्यासारखं नव्हतं. पण एक गोष्ट तिला सलायची. दळणाला आलेल्या बायका सांगायच्या, हैबतरावानं आपल्या हातानं गाडी नीट केली. तो चारचौघांत तसंच सांगायचा, तिचं नावसुद्धा घ्यायचा नाही. इकडे चंद्राला सूस गावचं स्थळ आलं होतं. मुलाचे चुलते कुशाबा यांची एकच अट होती, मुलीनं इंजिनाला हात लावायचा नाही. अण्णा जवळजवळ तयार झाले होते. चंद्राला वाटे, आपण जे करतो ते एकदा तरी कुणी मोठ्यानं म्हणावं... मग खुशाल काहीही होऊ दे.

दसऱ्याच्या संध्याकाळी पालखी सीमोल्लंघनाला निघाली. पुढे झेंडूनं मढलेली हैबतरावाची गाडी, मागे अख्खं गाव. गिरणीच्या दारात नवं लुगडं नेसून चंद्रा उभी होती, शेजारी अण्णा आणि सणाला आलेले कुशाबा. गाडी गिरणीसमोर आली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

हैबतराव हॅंडल मारून मारून घामाघूम झाला. गाडी थरथरायची आणि मरायची. पोरं फिदीफिदी हसायला लागली. चंद्राला नुसतं ऐकूनच कळलं, चार सिलिंडरांतले दोन गप्प आहेत. पण पाय हलला असता तर सूसचं स्थळ तिथंच मोडलं असतं. तिनं पदर घट्ट धरला.

हैबतरावानं हॅंडल खाली ठेवलं. गर्दी कापत तो सरळ तिच्यासमोर आला.

"चंद्रा," तो म्हणाला, आणि आवाज जराही दबका नव्हता, "तुमीच बघा. पट्टा तुमी शिवला, आजवर समदं तुमीच सांगितलंत. मी नुसती फुशारकी मारली."

पालखीचा ताशा थांबला. कुशाबांनी भुवया उंचावल्या. चंद्रानं पदर खोचला आणि ती पुढे झाली.

नाक उघडून तिनं फडक्यात धरून प्लग काढला, आणि तिला हसू आवरेना. प्लगच्या टोकाला तेलात कालवलेल्या कुंकवाचा हा एवढा गोळा! खंडेनवमीला हैबतरावाच्या आईनं, रंभाबाईंनी, कोयते-पहारींबरोबर चारही प्लग मांडून पुजले होते. लेकाचं यंत्र ना ते! त्यांतल्या दोन प्लगांवर कुंकू जरा सढळ हातानं पडलं होतं. वर ताकीद दिली होती, शीव ओलांडेपर्यंत पुसायचं नाही. आईचा शब्द मानून लेकानं ते तसेच बसवले होते, आणि इंजिन तापताच कुंकू पातळ होऊन ठिणगीच्या वाटेत उतरलं होतं.

"पुसू नगं गं बाई," रंभाबाई कळवळून म्हणाल्या. बायका कुजबुजल्या. दसऱ्याला कुंकू पुसायचं म्हणजे...

"पुसत न्हाई, मावशी," चंद्रा म्हणाली. "जागा बदलते."

तिनं बोटानं कुंकू निपटून घेतलं आणि गाडीच्या लांब नाकावर ठसठशीत टिळा ओढला. दुसऱ्या प्लगचंही तसंच केलं. मग दोन्ही प्लग कोरडे करून बसवले. पहिल्याच हॅंडलला गाडी अशी गरजली की पालखीचे भोई दचकले. रंभाबाईंनी तिथंच तिची अलाबला घेतली.

कुशाबा अण्णांना म्हणाले, असली पोरगी आमच्या घरात चालायची नाही.

अण्णांनी लेकीचे काळे झालेले हात पाहिले, मग सावकाश बोलले. "तुमाला चालत नसंल, पाव्हणं. गिरणी तिच्यावर चालती माझी."

इंजिनाच्या घरघरीत हैबतराव तिच्या कानाशी वाकला. "चंद्रा... माज्या घरी येशील? कायमची?"

पहिल्यांदाच तो अगं-तुगं बोलला होता. चंद्राचे गाल तापले. होकार अगदी ओठांवर होता, पण तिनं तो अडवला.

"मगाशी समद्यांदेखत बोललात," ती म्हणाली. "ह्ये बी तसंच बोला."

हैबतरावाचे कान लाल झाले. त्यानं इंजिन बंद केलं, गाडीच्या पायरीवर चढला आणि गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "भिवाजीअण्णा, तुमची चंद्रा मला लई आवडती. गिरणी तिची, ती चालवंलच. तुमी व्हय म्हना."

अशा वेळी मुलींनी खाली बघायचं असतं. चंद्रानं खाली पाहिलं नाही. तेलाचे हात कमरेवर ठेवून ती ताठ मानेनं आधी अण्णांकडे, मग साऱ्या गावाकडे बघत राहिली, आणि अण्णांच्या आधी तीच म्हणाली, "व्हय."