धाब्यावरचा बोडका चौकोन

"आधी माझी पाळी!" टेकडीवर लोबझांगने बर्फावरची घसरगाडी आपल्याकडे ओढली.

"तुझी? तू बसलास की गाडी थेट नदीतच थांबायची!" कुनझेस म्हणाली. तेवढ्यात तिची नजर खाली गावाकडे गेली आणि ती थबकली. रात्री बर्फ पडून घरांची सगळी धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरं, पांढरीशुभ्र झाली होती. फक्त यांगडोल आत्याच्या नव्या घरावर एक बोडका चौकोन दिसत होता, आणि त्यात गावातल्या झाडून सगळ्या चिमण्या दाटीवाटीने बसल्या होत्या!

"दाणे टाकले असतील," छोटी चुस्कित म्हणाली.

"दाण्यांनी बर्फ वितळतो होय गं? चला!" कुनझेस म्हणाली.

पुरात आत्याचं जुनं घर वाहून गेलं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात स्वयंसेवकांनी गावकऱ्यांच्या मदतीने हे बांधलं. दक्षिणेला मोठी काच, भिंतींत आणि छतात लाकडाचा भुसा. दिवसा उन्हाची ऊब साठवायची, रात्री शेगडीशिवाय निजायचं. पण आतली खोली काही केल्या तापेना. आत्याचं तान्हं बाळ तिथे रात्रभर खोकत होतं. "काचेचं घर म्हणजे नुसता देखावा," असं लोक बोलू लागले होते. अशी आणखी घरं हवीत की नकोत, हे आज दुपारी गावाच्या मुखियांच्या, म्हणजे गोबांच्या, सभेत ठरणार होतं. कुनझेसने सुट्टीभर त्या घरासाठी माती वाहिली होती. तिला ते बोलणं फार लागायचं.

शिडीवरून तिघं वर चढली. चिमण्या भुर्रकन उडाल्या. चुस्कितने हातमोजा काढून मातीला हात लावला.

"आचे, इथे ऊबदार आहे!" ती कुनझेसताईला म्हणाली.

"म्हणजे घरातली ऊब इथून वर पळतेय!" कुनझेस ओरडली.

त्या चौकोनाखालच्या आतल्या खोलीत जाऊन लोबझांगने छताच्या फटीत काडी खुपसली. काडी सरळ आत गेली. बाहेरच्या खोलीत मात्र ती भुशात रुतून बसली.

"मग इथला भुसा गेला कुठे?" तो म्हणाला.

"शेळ्या कशावर झोपतात, पाहिलंय?" चुस्कितने विचारलं.

तिघं गोठ्याकडे धावली. ताडपत्रीखाली भुशाची पोती होती, आणि त्यांवर शेळ्या महाराण्यांसारख्या रवंथ करत होत्या!

घराच्या कामावर देखरेख होती आंगचोककाकांची. पण ते पडले फुशारकीखोर! "माझ्या कामात खोट? एक पोकळ फट दाखवा, टोपी काढून देतो!" असं ते गावभर सांगत. नुसतं सांगून ते ऐकणार नव्हते.

"आझांग-ले," कुनझेस काकांना गोड आवाजात म्हणाली, "सभेआधी गोबांना घेऊन आत्याकडे चहाला या ना. तुमच्या हातचं घर!"

दोघं आले. कुनझेसने त्यांना आतल्या खोलीत बसवलं.

"वा! काय ऊब आहे!" काका म्हणाले.

"मग कोट काढा ना, आझांग-ले! उकडत असेल."

आता माघार कशी घेणार? काकांनी कोट काढला. थोड्याच वेळात त्यांचं नाक जांभळं पडलं, दात वाजू लागले आणि पेल्यातला चहा गुडघ्यावर सांडला. गोबा गालात हसले.

तेवढ्यात लोबझांगने दारात पोतं आणून टाकलं. त्याच्यामागून एक रागावलेली शेळीही आली!

काकांनी पोत्याकडे पाहिलं, मग छताकडे. त्यांचा चेहरा उतरला. "शेवटच्या दिवशी... तिरंदाजीचा मेळा होता. वाटलं, मागाहून कोणीतरी भरेल."

 आत्याने खोकणाऱ्या बाळाला छातीशी धरलं. ते पाहून काकांनी टोपी काढली, कुनझेसच्या हातात दिली आणि शिडी मागवली.

गोबांनी सभा दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुपारभर फळ्या उघडून सगळ्यांनी भुसा ठासला. लोबझांगच्या तर भुवयाही पिवळ्या झाल्या!

दुसऱ्या दिवशी सभेत आत्याच उभी राहिली. "काल रात्री बाळ खोकलं नाही. पांघरूण लाथेने उडवून दिलं त्याने!"

सभेत हशा पिकला. गोबा म्हणाले, "घरं बांधायची! पण छत बंद करण्याआधी ही तीन पोरं आत चढून बघतील. त्यांनी 'हो' म्हटलं, तरच फळी ठोकायची. शाब्बास रे पोरांनो!"

"आणि आझांग-ले काय करणार?" चुस्कितने विचारलं.

"मी?" आंगचोककाका म्हणाले, "मी शिडी धरणार!"