उत्तरपूजा

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या त्या भाड्याच्या घरात गणपती बसवायला एकच जागा चांगली होती, बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या चित्रासमोरची. साल दोन हजार वीस. कुणी कुणाकडे जायचे दिवस नव्हते. चैत्रालीने तिथे पाट मांडला आणि दीड दिवसाचा गणपती बसवला.

ते चित्र घरमालकीण मिसेस डॉइलच्या आजोबांच्या भावाने काढलेलं. त्याने म्हणे आयर्लंड कधी सोडलंच नव्हतं. पुस्तकांतली चित्रं बघून त्याने हिंदुस्थानातल्या भाविक बायका रंगवल्या होत्या. अंगावर अरबी ओढण्या, नथ भलत्याच नाकपुडीत, पुढ्यात रिकाम्या थाळ्या. सगळ्या गुडघे टेकून, हात जोडून चित्राबाहेर बघत होत्या.

"यांचा देव कुठाय?" तिचा नवरा उपेंद्र म्हणाला होता. "काढायचाच राहिला वाटतं."

"समोर बसेल तो त्यांचा देव," चैत्राली हसत म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने उत्तरपूजा केली. आई करायची तशीच मूर्तीवर अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून किंचित सरकवली. देव गेला, माती उरली. मग मागच्या अंगणात बादलीत विसर्जन. पाण्यात घालणं सोडलं तर बाकी सगळं त्या बायकांच्या डोळ्यांदेखत झालं.

रिकाम्या जागी उपेंद्रने टेबल-खुर्ची आणून ठेवली. तिथे वायफाय चांगलं यायचं. चैत्राली कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात जायची, तो घरूनच काम करायचा.

सुरुवातीला तो खुशीत होता. तिथे बसलं की बरं वाटतं, म्हणायचा. मग जेवायलाही उठेनासा झाला. भूकच नाही, म्हणे. खोलीत ओल्या फुलांचा वास येऊ लागला, आणि घरात तर एक फूल नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर एक मंद हसू आलं ते जाईना, झोपेतसुद्धा. माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू टिकत नाही, मूर्तीच्या टिकतं. चैत्राली घाबरली. टेबल हलवू या म्हटल्यावर तो तिच्यावर कधी नव्हे तो खेकसला. तिने मालकिणीला फोन करून चित्र काढू का विचारलं. मिसेस डॉइल म्हणाल्या, राहू दे गं, तिथेच ठीक आहे, ग्रँड आहे ते. त्याच्यासमोर खुर्ची मात्र आम्ही कधी ठेवली नाही.

चैत्रालीने चित्रावर चादर टाकली.

नोव्हेंबरात ती एक दिवस कामावरून परतली तेव्हा साडेचारलाच अंधारून आलं होतं. घरात दिवा नव्हता. लॅपटॉपच्या उजेडात उपेंद्र ताठ बसला होता. अंगात जाकीट, पायांत बूट. केसांत आणि खांद्यांवर काहीतरी तांबूस सांडलेलं. तिने चिमटीत धरून पाहिलं. कुंकू लावलेले तांदूळ.

तिची नजर खाली गेली. गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे जुने खळगे होते. खुर्ची त्यांच्यापासून किंचित सरकली होती.

"उपेंद्र... हे कुणी केलं?"

"चल," तो हळूच म्हणाला. "उशीर झाला."

"कुठे...?"

"नदीवर." हसू तसंच होतं. "बादलीत कसा मावेन मी..."

तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बाहेर पॅसेजमध्ये आणलं. तो इतका हलका लागला की तिला रडू फुटलं. बाहेरच्या दाराला तिने कुलूप घातलं, किल्ली मुठीत आवळली. त्याने विरोध केला नाही. दाराकडे तोंड करून तो नुसता वाट बघत उभा राहिला.

आतून थाळी सरकल्यासारखा आवाज आला.

मनगट न सोडता तिने मागे वळून पाहिलं. चादर खाली पडली होती. बायका जागच्या जागी होत्या, हात जोडलेले. फक्त त्यांच्या वस्त्रांच्या कडा ओल्याचिंब होत्या, आणि चौकटीवरून पाणी निथळत होतं, थेंब थेंब, नदीतल्या हिरव्या शेवाळासकट.