पाद्रिनो कोण होणार?

"ही जागा आमची आहे!"

आरासेलीनं पुस्तकांची हातगाडी थेट त्या पांढऱ्या गाडीला नेऊन टेकवली. गेली दोन वर्षं दर शनिवारी लाँड्रीच्या दारात ती मुलांना गोष्टी वाचून दाखवत होती, आणि आज तिथं फिरत्या दवाखान्याचं हे धूड उभं! गाडीतून एक उंच तरुण डोकावला. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात अर्धा खाल्लेला, मक्याच्या पिठाचा तामाल.

"नाव लिहिलंय का तुमचं जागेवर?"

"लिहिलं असतं तर वाचता आलं असतं का तुम्हाला?"

"शिकवा की मग! तेच काम ना तुमचं?"

आगाऊ मेला! आरासेलीच्या मनात आलं. पण त्यानं तिला खुर्ची पुढं केली, रक्तदाब मोजायचा पट्टा उचलला, आणि हिनं मुकाट हात पुढं केला. का केला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"वाढलाय," तो गंभीरपणे म्हणाला.

"जागा अडवलीत तुम्ही, म्हणून."

"मग पुढच्या शनिवारीही अडवतो... बघू किती वाढतो ते."

त्याचं नाव एफ्रेन. दवाखान्यातला नर्स, बोलायला महावस्ताद. अमेरिकेतल्या केनेट गावात मशरूम खुडणाऱ्या मेक्सिकन बायकांना सुट्टी एकच, त्यात कपडेही धुवायचे आणि साखरही तपासायची. त्या रांगेत उभ्या राहिल्या की पोरं आपसूक आरासेलीच्या गाडीभोवती जमायची. महिन्याभरात दोघांनी लाँड्रीबाहेरची एकच शेड वाटून घेतली. वर्षभरात त्याचा दवाखाना आणि तिची साक्षरता संस्था, दोघांनी भागीदारीच्या कागदावर सह्या केल्या. गावाला मात्र कागद लागला नाही, गावानं आधीच ओळखलं होतं.

आरासेलीनं स्वतः ओळखलं ते एका शनिवारी. तिची आई ओतिलिया, बावीस वर्षं मशरूमच्या अंधाऱ्या खोल्यांत राबलेली. साठाव्या वर्षी लेकीच्याच प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवायला बसली होती. त्या दिवशी एफ्रेन तिला गोळ्या समजावून सांगायला लागला, तर तिनं बाटली त्याच्या हातातून ओढून घेतली.

"थांब रे. दि-व-सा-तून... दोन-दा. जेव-णा-नंतर." मग वर बघून म्हणाली, "एवढंच ना? मग तू कशाला दमतोस?"

एफ्रेननं भर रस्त्यात अशी आरोळी ठोकली की लाँड्रीतल्या बायका साबणाच्या हातांनी बाहेर धावल्या. "बाईंनी वाचलं! दोन्या ओतिलियांनी स्वतः वाचलं!" दोन्या म्हणजे बाईसाहेब, तो तिला मानानं तसंच म्हणायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईसाठी परक्या माणसाच्या डोळ्यांत पाणी... आरासेली तिथंच हरली.

पुढं दोन्ही संस्थांना मिळून जुन्या बेकरीची जागा मिळाली. निम्म्यात दवाखाना, निम्म्यात वाचनखोली. आता या मेक्सिकन वस्तीत कुठलंही शुभकार्य म्हटलं की पाद्रिनो हवेत, म्हणजे कार्याचे धर्मबाप. उद्घाटनासाठी दिव्यांचा पाद्रिनो ठरला, सतरंजीची माद्रिना, म्हणजे धर्मआई, ठरली, केकसाठी तर दोघींची भांडणं झाली. राहिला खोलीचा पाद्रिनो.

"त्यात विचारायचं काय?" बायका एका सुरात म्हणाल्या. "खोलीची आई आरासेली, मग पाद्रिनो एफ्रेन!"

एफ्रेनचा चेहरा लालबुंद झाला. "नाही," तो म्हणाला. "मी होणार नाही." आणि चक्क उठून निघून गेला.

आरासेलीच्या जिव्हारी लागलं. कागदावर सही करणारा माणूस चारचौघांत हात झटकतो म्हणजे काय? उद्या दवाखानाही काढून नेईल! ज्याच्या भरवशावर खोली मागितली, ज्याच्यावर आपण वेड्यासारखा जीव टाकला, त्याला यातलं काहीच आपलं वाटत नाही? आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्यानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. एरवी एवढा बडबड्या!

उद्घाटनाच्या रविवारी बेकरी माणसांनी फुलली. पाद्री हातात तीर्थ घेऊन उभे. पाद्रिनोंची यादी वाचायचा मान ओतिलियाचा. ती उठली, यादी बाजूला ठेवली आणि पदराआडून काढावा तसा शालीतून एक लिफाफा काढला.

"हे सकाळी एफ्रेननं दिलं. वर माझं नाव आहे. मी स्वतः वाचणार असं हे पहिलंच पत्र. आधी हे वाचणार."

"आई, घरी जाऊन वाच ना गं!" आरासेलीनं लिफाफ्याकडं हात नेला.

"घरी? चाळीस वर्षं माझी पत्रं दुसऱ्यांनी वाचली. गावाला आधी कळायचं, मला शेवटी. आज गावाला माझ्या तोंडून कळू दे!"

ओतिलियाचं बोट ओळीवर ठेवलेलं, आवाज खणखणीत.

"दोन्या ओतिलिया... मी पा-द्रि-नो झालो... तर खोलीच्या आईचा कोंपाद्रे होईन. कोंपाद्रे म्हणजे... मान-लेला भाऊ." ती थांबली. चष्मा पुसला.

"आणि मला... आरासेलीचा भाऊ... व्हायचं नाही!"

बेकरीचं छप्पर उडालं असतं, असा गलका झाला. ओतिलियानं हात वर केला. "गप्प बसा गं! माझं संपलं नाही. तुमची पर-वान-गी असेल, तर मी... घरी येऊ का? आपला, एफ्रेन."

कोपऱ्यात एफ्रेन दाराला टेकून उभा होता, घामाघूम.

"अक्षर भयंकर आहे तुझं," ओतिलिया म्हणाली. "तरी वाचलं मी. उत्तर लिहून देईन."

"आई, मला कुणी विचारणार आहे की नाही?"

"तुझं तू बघ बाई. पत्र मला आलंय."

मशरूमच्या शेडवरचे म्हातारे मुकादम रोगेलियो पुढं आले. "मी होईन पाद्रिनो. तिचा भाऊ व्हायला माझी काही हरकत नाही!"

हशा पिकला तेवढ्यात एफ्रेन आरासेलीजवळ पोचला.

"रागावलात?"

"आठ दिवस रडवलंत मला! तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"परवानगी आधी आईची घेतात. आणि... त्यांना वाचता येतं ना आता."

आरासेलीनं मनगट त्याच्यापुढं धरलं. त्यानं नाडीवर बोटं ठेवली. ठोके मोजायचं त्याला सुचलंच नाही.

"किती?" तिनं विचारलं.

"माझे जास्त आहेत..."

तिनं हात सोडवून घेतला नाही.

तिकडे फळ्यावर खडू करकरला. ओतिलिया पाठमोरी उभी राहून, एकेक अक्षर ठासून लिहीत होती. सारी बेकरी तिच्या हाताकडं बघत होती.

"पुढच्या रविवारी जेवायला ये. कोंबडीचं मोले करते."

त्याखाली अंगठा नव्हता. सही होती, पूर्ण नावाची: ओतिलिया बार्राहास.