आधी गट्टी, मग कट्टी

पुस्तकाला दोन हात एकदमच लागले— एक माझा, एक त्याचा.

"मी आधी धरलंय," तो म्हणाला.

"मी तिसरीत असताना धरलंय!"

तो हसला. लायब्ररीची फाटकी पुस्तकं न्यायला आलेला बाइंडर होता तो. अंगठ्यावर खळ वाळलेली, आणि डोळे... जाऊ दे!

आदल्या दिवशी गोष्टीमावशी गेली होती. पुस्तकांवर तिचं खरं नाव असायचं, पण आम्हा पोरांची ती गोष्टीमावशीच. संध्याकाळी लायब्ररीत तिच्या आठवणीची सभा होती आणि या पुस्तकाचा शेवट मी वाचणार होते. चष्म्याच्या दुकानातून त्यासाठी सुट्टी काढून आले होते.

"हिचीच पुस्तकं सगळ्यात जास्त फाटतात," तो म्हणाला. "याहून मोठं कौतुक कुठलं?"

झालं, मी विरघळले. "आणि हा शेवट बघा ना! आधी दोघांची गट्टी, मग कडाक्याचं भांडण, ती धाडकन दार लावते— आणि पुस्तक संपतं! म्हणजे एकदा गट्टी झाली की खुशाल भांडावं. मी तशीच वागत आलेय. समजूत काढायला कधी कुणाच्या दारात गेले नाही."

त्यानं पानं चाळली. "अहो... भांडण आधी आहे. शेवटचे दोन फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, उलटे शिवले गेलेत. आमच्याच दुकानातलं काम, बाबांच्या वेळचं."

"पानांवर आकडे नाहीत का?"

"कडा कापताना उडालेत. पण हे वाक्य बघा, अर्ध्यातच तुटलंय."

"ती मावशीची गंमत आहे!"

"द्या इकडे, दुपारपर्यंत नीट शिवून देतो."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या गोष्टीला हात लावायचा नाही! कालच ती गेली आणि आज तुम्ही..."

पिशवीतून स्वतःची प्रत काढून त्यानं टेबलावर ठेवली. "खरा शेवट यात आहे. वाटलं तर वाचा." आणि गेलासुद्धा!

संध्याकाळी मुलं समोर बसली आणि मी त्याचीच प्रत उघडली. भांडण झालं, दार लागलं... आणि पुढे पानं होती! सदा नाक वर करून फिरणारी गोष्टीतली माझी लाडकी मुलगी दुसऱ्या दिवशी आपण होऊन मित्राच्या दारात जाते आणि "चुकलं माझं" म्हणते. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. गेल्यावरही मावशीनं मला एक नवी गोष्ट दिली होती.

मान वर केली तर तो कुठेच दिसला नाही. म्हणून सकाळी थेट त्याचं दुकान गाठलं. तो पुठ्ठा कापत होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आणि तू मला आवडलायस. एका दमात सांगते, नाहीतर दुसरं राहून जाईल."

कात्री थांबली. "तू?"

"मग काय, आवडलेल्या माणसाला अहो-जाहो करू?"

त्याचे कान लाल झाले. "काल मी बाहेर खिडकीशी उभा होतो. तू रडलीस... वाटलं, तुझी गोष्ट मी मोडली. आत यायचा धीर झाला नाही."

"मोडलीसच. म्हणून तर आले ना!"

एकुलतं एक स्टूल बाहीनं पुसून त्यानं माझ्यापुढे सरकवलं, दारापाशी गेला आणि नुकतीच 'उघडे' केलेली पाटी फिरवून 'बंद' करून आला.