पायांवर वाढलेलं बेट

बेटावरची सगळ्यांत सखल जागा म्हणजे तिथली प्रयोगशाळा. दारातून चार पायऱ्या उतरून आत जावं लागे. भरतीच्या वेळी फरशीच्या फटींतून पाणी वर येई आणि टेबलांच्या पायांशी खेळत बसे. निवेदिता मोंडकरने गमबूट घातले होते आणि पाहुणीसाठीही एक जोड काढून ठेवला होता.

"इथे कुणी फिरकतच नाही, मॅडम," ती ओशाळून म्हणाली. "म्हणून अशी खाली राहिलीय. शेजारचं व्यवस्थापन कार्यालय तर याहून खोल आहे."

डॉ. हेमांगी तारी हसल्या. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी हे बेट वाढवलं होतं, त्यामुळे त्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. कार्यालयाची वाट कुणाला आवडत नाही, तर बेटाला तरी ती का आवडावी?

पण हसण्याचा दिवस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सागरसुरक्षा आयोगाची बोट येणार होती. बेटाच्या अगदी मध्यावरची मूळजागा, जिथे पहिला दगड रुजवला होता ती, खचत चालली होती. दगडाला रोग लागला असेल तर तो मधून कडेपर्यंत पसरणार, आणि मग बेट रिकामं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इथे राहणारी करलवाडीची माणसं. त्यांचं मूळ गाव किनाऱ्यावर होतं, ते समुद्राने गिळलं. आता दुसऱ्यांदा घर सोडायची पाळी आली होती. बेटाची संचालक म्हणून निवेदिताने सगळे उपाय करून पाहिले होते, आणि शेवटी आपल्या जुन्या बाईंना बोलावून घेतलं होतं.

"उद्या आयोगाला सांगणार आहेस तसं मला सांग," हेमांगीबाई म्हणाल्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही असं समज."

निवेदिताने टेबलावरचा एक भुरकट तुकडा उचलला. "हा पदपोषी प्रवाळ. प्रवाळाचे जीव समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपलं घर बांधतात, पण फार सावकाश. पाण्यातून बारीकशी वीज सोडली तर चुना भराभर बसतो. आम्ही आधी तारांनी वीज दिली. खाऱ्या पाण्याने तारा खाऊन टाकल्या. मग तारी सरांनी दगडातच दाबस्फटिक पेरले. दाबला की वीज देतो आणि सोडला की पुन्हा तयार होतो, असा स्फटिक. वरून माणूस चाललं की प्रत्येक पावलाला खाली थोडी वीज, थोडा चुना. समुद्र वर येतो तसं बेटही वर येतं."

"मग गाड्या फिरवा की. नाहीतर ठोकायची यंत्रं लावा."

"चाक एकसारखं दाबत जातं, त्याने वीज मिळत नाही. यंत्र एकाच जागी ठोकतं, दगड तडकतो. माणसाचं पाऊल दोनदा एका जागी पडत नाही, म्हणून ते मानवतं. आणि मुळीच पावलं पडली नाहीत, तर लाटा खालून झिजवतात आणि दगड स्वतःच्या भाराने बसतो." ती थांबली. "पण मूळजागेला पावलांची वाण नाही, मॅडम. तिथल्या कमानीवरचा गणक सांगतो, बेटावर सगळ्यांत जास्त माणसं तिथेच जातात. एवढे पाय लागूनही ती खचते. मधले दाबमापक शून्य दाखवायला लागले. बदलून पाहिले, तरी शून्य. म्हणजे स्फटिकच मेलेत. रोगाशिवाय दुसरं काय असणार?"

हेमांगीबाईंनाही दुसरं काही सुचेना. मापकांचे आकडे त्यांनी मुंबईत बसून पुन्हा पुन्हा पाहिले होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी दिवसभर चालते. एकटीच. आकड्यांनी सांगायचं ते सांगून झालंय."

एकटीच जायचं होतं त्याला आणखी एक कारण होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे यजमान डॉ. रघुवीर तारी गेले तेव्हा त्यांची राख मूळजागेवरच्या चौथऱ्याच्या चुन्यात कालवली होती. त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर हेमांगीबाईंनी या बेटावर पाय ठेवला नव्हता. त्यांना धीर झाला नव्हता.

प्रयोगशाळेच्या खड्ड्यातून वर आल्या आणि डोळेच दिपले. काय सुंदर केलं होतं लोकांनी हे बेट! डाव्या हाताला खाजणाचं पाणी आधी कैरीच्या सालीसारखं हिरवं, पुढे निळं. माडांच्या सावलीत पर्यटकांच्या झावळ्यांच्या खोल्या आणि मधून पांढऱ्या वाटा. वाहन म्हणून औषधाला नव्हतं. धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला हातात शहाळं मिळे आणि एकच सूचना मिळे: चालत राहा.

ही सूचना रघुवीरांची. गावातल्या चार-पाचशे माणसांचे पाय एवढ्या बेटाला पुरत नाहीत, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. म्हणून तर त्यांनी पर्यटन काढलं. लोकांना वाटलं, तारी शास्त्रज्ञ असून धंद्याला लागले. त्यांना हवे होते ते फक्त पाय. सुट्टीवर आलेला माणूस जितका निरुद्देश चालतो तितका कुणी चालत नाही, असं ते म्हणत.

आणि बेटाने प्रत्येक पावलाचं चीज केलं होतं. खापरोळीच्या दुकानाकडे जाणारी वाट पूर्वी सपाट होती, आता तो चांगला दमछाक करणारा घाट झाला होता. तरी लोक चढत होते, आणि चढत होते म्हणून तो आणखी वाढत होता. हेमांगीबाईही चढल्या. नारळाच्या गोड रसात बुडालेली खापरोळी त्यांनी दोनदा मागून घेतली. शाळेचं मैदान टेकडी झालं होतं आणि मुख्याध्यापकांची खोली तिच्या पायथ्याशी दबून बसली होती. नाचाच्या चौकाला पायऱ्या बांधाव्या लागल्या होत्या. नवपरिणितांचा किनारा मात्र होता तसाच सखल. तिथे येणारी जोडपी एकदा बसली की उठत नसत.

कोणत्या देशात लोकांच्या आवडीनिवडीचा असा नकाशा दगडात उमटला असेल? इथे माणसांना जे आवडलं ते वर आलं. हेमांगीबाईंचा ऊर भरून आला. नवऱ्याचं कौतुक त्यांनी त्याच्या तोंडावर फार कमी केलं होतं. आज घाट उतरताना त्या मनात म्हणाल्या, अहो, छान केलंत हो.

दुपारी त्यांनी माडाखालच्या झोळीत थोडी पाठ टेकली आणि लगेच उठल्या. पडून राहणं या बेटावर त्यांना पाप वाटलं. मग पश्चिमेचा कठडा झाला, दीपगृह झालं. सगळं पाहून झालं, एकच जागा उरली. तिथे जायचं त्या दिवसभर टाळत होत्या.

उन्हं कलली तेव्हा त्या मूळजागेच्या कमानीपाशी आल्या. आत गर्दी होती. गावकरी होते, नागपूरकडचं एक मोठं कुटुंब होतं, कुठल्या तरी थंड देशातले लालबुंद झालेले दोघे होते. हेमांगीबाईंनी चपला काढल्या. वाट चढाची होती. धाप लागली तशा कठड्याला धरून चढल्या. वर पोचल्यावर सगळ्यांमागून त्याही डावीकडून उजवीकडे चालू लागल्या. एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. आत पाहायचं धाडस तिसऱ्या वेळी झालं.

आत तळं होतं. गुडघाभर खाऱ्या पाण्यात छोटे मासे फिरत होते, आणि तळाशी तो चौथरा दिसत होता.

काठावर भागीरथीआक्का बसली होती. रघुवीरांची चुलतबहीण, त्यांच्याहून थोरली. तिच्या हातात लांब बांबू होता. बांबूच्या टोकाला केलेल्या खाचेत तिने जास्वंदीचं फूल अडकवलं, हात लांबवून ते बरोबर चौथऱ्यावर सोडलं आणि मग वळून पाहिलं.

"वयनी! कधी इलंस गो?"

हेमांगीबाई तिच्याजवळ बसल्या. दोघींनी डोळे पुसून घेतले. मग त्यांनी बांबूकडे बघून विचारलं, हे कशाला? आक्काला प्रश्नच विचित्र वाटला. रघूवर पाय पडू नये म्हणून, दुसरं कशाला? राख घातली त्या दिवसापासून इथे कुणी पाय ठेवलेला नव्हता. पोरं धावली तर ती रागे भरे. बाहेरची माणसंसुद्धा गावकऱ्यांचं बघून आपली कडेकडेने फिरत. पाणी भरायला लागल्यावर संचालकबाईंनी दोरी बांधली, ती सहा महिन्यांपूर्वी. त्याआधी दोरीची गरजच पडली नव्हती.

राख घातली तेव्हा हा चौथरा हेमांगीबाईंच्या कमरेएवढा उंच होता. उभ्या उभ्याच हात टेकून त्यांनी त्याला नमस्कार केला होता. आज त्या धापा टाकत चढून आल्या होत्या आणि त्याच चौथऱ्याकडे खाली वाकून बघत होत्या. ज्या गोल वाटेवर सगळे चालत होते, ती वाट भिंतीसारखी वर आली होती.

त्यांनी फोन काढला.

"निवेदिता, कमानीतला गणक काय मोजतो?"

"आत येणारी माणसं, मॅडम."

"ती आत येऊन कुठे चालतात ते?"

ते निवेदिताने कधी मोजलंच नव्हतं. तीही याच मातीची होती. तिनेही रोज चपला काढून कडेने प्रदक्षिणा घातली होती.

"मधला मापक बिघडलेला नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "तो खरं सांगतोय. शून्य म्हणजे शून्य."

"पण हे सिद्ध कसं करायचं? दगड खरंच आजारी असेल तर?"

"आजारी दगड वीज मिळाली तरी चुना घेत नाही. उपाशी असेल तर घेईल. पाण्यातल्या चुन्याचा आकडा बघत राहा."

बोलून गेल्या खऱ्या, पण पाय उचलेना. एवढ्या शिकलेल्या, साठी उलटलेल्या बाई. वहीला पाय लागला तरी अजून हात लावून कपाळाला नेणाऱ्या. आणि हे तर पुस्तक नव्हतं. ज्या माणसाच्या पायांना त्यांनी दर दिवाळीच्या पाडव्याला हात लावला होता, तो माणूस होता. आपल्याला हे जमणार नाही, असं त्यांना वाटलं. मग खालच्या वाडीतून कुठल्या तरी घरात फोडणी पडल्याचा वास आला. उद्या ही घरं बोटीत भरली जातील, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

त्यांनी साडी वर खोचली, दोरी उचलली. "येते हं," असं हळूच म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

काठावरची गर्दी थिजली. आक्का बांबू टाकून उभी राहिली. हेमांगीबाई कुणाकडे न बघता चौथऱ्यावर चालू लागल्या. या टोकाकडून त्या टोकाकडे, पुन्हा परत. पाण्यात पाय जड होत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. फोनवर निवेदिता सांगत होती की मापक हलला, वीज येतेय. चुन्याचा आकडा मात्र पुष्कळ वेळ तसाच राहिला. सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला. आणि मग तिचा आवाज आला.

"मॅडम, चुना उतरतोय. दगड चुना घेतोय."

आक्का आता अगदी काठावर आली होती. तिचा चेहरा रागाने आणि दुःखाने वेडावाकडा झाला होता. "वयनी, ह्या काय चलवलंस? रघूचेर पाय?"

"आक्का," हेमांगीबाई थांबून म्हणाल्या, "त्यांना भूक लागलीय. या दगडाचं जेवण म्हणजे पाय. सगळ्या बेटाला मिळालं, यांच्या ताटात कुणी वाढलं नाही."

आक्काने मागे वळून त्या उंच वाटेकडे पाहिलं, मग तळ्याकडे. खापरोळीच्या घाटाची गोष्ट गावात पोरालाही ठाऊक होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

"रोज निवेद आणतंय मी तेका," ती पुटपुटली. "चार वर्सां. आणि चार वर्सां तेका उपाशी ठेवलंव?"

ती खाली बसली. दशावतारातला नट रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी करतो तसा तिने वाकून काठाच्या दगडाला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि पाण्यात उतरली. दोन पावलं टाकली आणि अडखळली. हेमांगीबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. हात असे धरल्यावर करलवाडीच्या बाईला एकच गोष्ट सुचते. दोघी म्हाताऱ्या तोल सावरत, एकमेकींना धरून, गुडघाभर पाण्यात फुगडी घालू लागल्या.

"जोरान नको गो," आक्का मध्येच म्हणाली. "लागात तेका."

"घाल जोराने. जेवतायत ते."

काठावरच्या बायकांनी पदर खोचले. एकेक जण वाकून दगडाला हात लावत होती आणि आत उतरत होती. त्यांचं बघून नागपूरचं कुटुंब उतरलं, आणि ते लालबुंद दोघेही, तसाच वाकून नमस्कार करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सागरसुरक्षा आयोगाचे अध्यक्ष चढ चढून मूळजागेपाशी आले. निवेदिताने रात्रभराचे आकडे त्यांच्यापुढे धरले होते. त्यांनी ते नीट वाचले, दोन प्रश्न विचारले आणि मान डोलावली. मग समाधी आहे म्हटल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे बूट काढले, हात जोडले आणि अदबीने कडेकडेने प्रदक्षिणेला निघाले.

हेमांगीबाई पहाटेपासून पाण्यात चालतच होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली.

"साहेब, तिकडून नको. नमस्कार करा आणि असे मधून या."