तिसरी रेघ

अकरा वर्षं खपून तिनं ते यंत्र उभं केलं होतं आणि आज परीक्षक ते तपासायला आले होते. त्यांनी ‘सदोष’ असा शेरा मारला, की आजवरची सगळी मोजमापं केराच्या टोपलीत. तरी तिच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. सकाळीच तिनं तांब्याचे पाइप पुसून लख्ख केले होते.

“लेकीच्या लग्नात आई मिरवते तशी मिरवतेयस,” काचकाम करणारे काका म्हणाले. यंत्राच्या पोटातली बोटाच्या पेराएवढी काच त्यांनीच वितळवून ओढलेली. मिशीला पीळ देऊन तेही हजर होते.

“मिरवणारच. काच तुमची, कान माझे.”

काम सांगायला सोपं. काच इतकी गार करायची, की त्याखाली गारठ्याला जागाच उरू नये. मग तिला आवाजाचे दोन ठोके द्यायचे, आपल्या कानाला न कळणारे. स्फटिक असता तर गप्प बसला असता. त्याचे कण शिस्तीत उभे. काचेचे कण गर्दीतल्या माणसांसारखे कसेही दाटलेले. पण देवाची करणी अशी, की त्या गोंधळातूनच तिसरा ठोका आपणहून परत येतो, पहिल्या दोहोंत जेवढं अंतर तेवढ्याच अंतरानं. बुवांनी ओळ सोडावी आणि साथीदारांनी न सांगता उचलावी, तसा.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर दर ठोक्याला एक अशा दोन उंच रेघा उमटल्या, मग काचेनं परतवलेली तिसरी, बुटकी. परीक्षकांनी मान डोलावली.

“सुरेख. पुन्हा करा.”

या वेळी तिसरीनंतर आणखी दोन आल्या. उंच.

“केबल सैल असेल.”

“माझ्याकडे सैल काही नसतं, साहेब.” तरी तिनं एकूणएक जोड आवळला. रेघा पाचच.

“ठोके देणारी पेटीच बंद करा बघू.”

तिनं प्लग उपसला आणि परीक्षकांच्या हातात ठेवला. पडदा सपाट झाला. खोलीत पंपाची घरघर तेवढी राहिली. परीक्षकांनी चष्मा पुसायला घेतला.

दोन रेघा उमटल्या. तिच्याच ठोक्यांची उंची, तिचंच अंतर.

“आता कोण देतंय?” काकांनी हळूच विचारलं.

परीक्षकांनी हातातला प्लग उलटसुलट करून पाहिला.

“तिसरी नाहीये,” परीक्षक म्हणाले.

ती नीट बघायला यंत्रावर वाकली. पडद्यावर पुन्हा दोन आल्या, आणि पाठोपाठ तिसरी.

ती सरळ झाली. तिसरी खुजी झाली.

ती भिंतीपर्यंत मागे गेली. दोनच.

“काका, तुम्ही जा पुढे.”

काका यंत्राला छाती टेकवून उभे राहिले. दोनच.

मग ती पुढे झाली, एकेक पाऊल टाकत. तिसरी रेघ तिच्याबरोबर वाढत गेली, स्वच्छ, सरळ, जराही न थरथरता. इतकी देखणी रेघ अकरा वर्षांत कुठल्याच काचेनं दिली नव्हती. तिची मान आपोआप ताठ झाली.

“पोरी, लांब हो,” काका म्हणाले.

ती हलली नाही.

परीक्षकांनी प्लग टेबलावर ठेवला, तपासणीचा फॉर्म ओढला आणि लिहिलं, ‘यंत्र निर्दोष.’ खाली एक रकाना होता, एरवी काचेचं नाव लिहायचा, ‘तपासलेला नमुना.’ तिथं त्यांचं पेन थांबलं. त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार अक्षरात.