निळ्या उजेडाची पाळी

रहाटणीतील त्या दवाखान्यात संस्कृती प्रकाशोपचाराच्या खोलीतून बाहेर आली, ती डोळ्यांवरचा काळा चष्मा काढण्यास विसरूनच. आणि आत निघालेल्या गोरक्षच्या अंगावर धडकली.

"दिसत न्हाई का?" त्याने विचारले.

"चष्मा लावलाय ना… तुम्हीही लावा, मग बघू कोण कुणाला धडकतं."

दोघांनाही तीव्र इसब होता. मलमांनी गुण न आल्यामुळे डॉक्टरांनी अतिनील किरणांचा उपचार सांगितला होता. उंच नळ्यांच्या पेटीत उभे राहायचे, निळसर उजेड क्षणभर अंगावर घ्यायचा, आणि पुढच्या पाळीस किंचित वाढवायचा. संस्कृती बालवाडीत शिकवीत असे. पालकांच्या नजरा चुकविण्यासाठी ती भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घाली. गोरक्ष चाकणच्या एका कंपनीत वेल्डर होता. तिने त्याचे नाव वेल्डरसाहेब ठेवले, आणि बाकावर एकमेकांसाठी जागा राखणे कधी सुरू झाले ते दोघांनाही उमगले नाही.

हात स्वच्छ झाले की तिला मागणी घालावी, असा निश्चय त्याने मनोमन केला होता. परंतु ओव्हरटाइममुळे त्याच्या पाळ्या चुकल्या. आणि त्यातच तिने सहज सांगितले, की रविवारी राजगुरुनगरची मंडळी तिला पाहावयास येणार आहेत.

वेल्डिंगच्या उजेडातही तेच अतिनील किरण असतात, हे गोरक्षला ठाऊक होते. चुकलेल्या पाळ्या भरून काढण्यासाठी त्याने बाह्या दुमडल्या आणि संपूर्ण शिफ्ट तसेच काम केले. दुसऱ्या दिवशी हात भाजल्यासारखे लाल झाले. यंत्र सांभाळणाऱ्या गोजाबाईंनी ते पाहताच लाली उतरेपर्यंत त्याची पाळी बंद केली.

तो बाकावर येऊन बसला. संस्कृतीने त्याच्याकडून सारे काढून घेतले आणि हलकेच विचारले,

"एवढी घाई कशाला केलीत?"

"हात साफ झाल्यावर तुमाला… विचारणार होतो. तेवढ्यात रविवारचं ऐकलं."

तिने त्याचा लाल झालेला हात उलटून पाहिला. मग म्हणाली, "रविवारची मंडळी येणार नाहीत. इसबाचं मी कळवलं, तसा त्यांचा नकार आला." आणि थांबून, "हे परत परत येतं, वेल्डरसाहेब. दर वेळी साफ व्हायची वाट बघणार का?"

"न्हाई…" गोरक्ष म्हणाला. "आत्ताच विचारतो. माझ्याशी लगीन कराल?"

तेवढ्यात गोजाबाईंनी तिला हाक मारली. ती उठली. काळा चष्मा हातात घेऊन दारापाशी क्षणभर थबकली.

"आज तुम्हाला पाळी नाही, तर डॉक्टरांना तेवढं विचारून ठेवा… असल्या कातडीला हळद चालते का."

"कुणाच्या?"

"दोघांच्या," ती म्हणाली, आणि चष्मा लावून आत गेली.